थोर व्यक्तींच्या कार्डांची पेटी: चौथी-पाचवीच्या वर्गात वर्षभर वापरून झाल्यावर

मागच्या जूनमध्ये शाळेसाठी महाराष्ट्रातल्या थोर व्यक्तींच्या कार्डांची एक पेटी मागवली होती. आता अख्खं वर्ष वापरून झाली, कडा झिजल्या, दोन कार्डं हरवली, एकावर खिचडीचा डाग पडलाय, म्हणजे आता तिच्याबद्दल खरं काय ते लिहायला हरकत नाही. पेटी हातात आली त्या दिवशी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं, कारण दिसायला फार देखणी आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, असे तीन-चार संच बाजारात आहेत आणि जवळजवळ सारखेच आहेत, त्यामुळं मला जे सांगायचंय ते कुठलाही संच घेताना उपयोगी पडेल.

मी कराड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते, चौथी आणि पाचवी एकाच खोलीत, पट ३१, आणि हंगामात ऊसतोडीची मुलं आली की ३७-३८ पर्यंत जातो. पेटीची किंमत १६५० रुपये आणि कुरिअरचे वेगळे १२०. एवढे पैसे शाळेच्या खात्यातून एकदम काढणं जमत नव्हतं, मग व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवला, एका पालकांनी ५०० दिले, बाकीचे आम्ही शिक्षकांनी मिळून घातले. म्हणून तर नीट लिहितेय, दुसऱ्या शाळांचे पण असेच गोळा केलेले पैसे असतात.

आत काय काय येतं ते सांगते. ६४ मोठी कार्डं, पुढं चित्र मागं माहिती, भिंतीवर लावायचा महाराष्ट्राचा नकाशा आणि त्यावर चिकटवायच्या टिकल्या, साधारण दहा फुटांची कालरेषेची घडीची पट्टी, प्रश्नमंजुषेची छोटी कार्डं, शिक्षकांसाठी एक पुस्तिका आणि आठ कोरी कार्डं. कार्डाचा कागद जाड आहे, लॅमिनेशन चांगलं आहे, ओल्या फडक्यानं पुसता येतं. नकाशाची घडी मात्र वर्षात फाटली, त्याला मागून कापडी पट्टी लावावी लागली.

आता ही पेटी घ्यावीशी का वाटली ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आमच्याकडं जयंती-पुण्यतिथी सगळ्या होतात, टेबलावर फोटो, हार, उदबत्ती, आणि मग मुलांची भाषणं. आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो इथून सुरुवात आणि एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते इथं शेवट. मुलं पाठ करतात, घरचे पाठ करून घेतात, आणि मला त्याचं कौतुकच आहे, चारचौघांत उभं राहून बोलायची भीती त्यातूनच जाते. पण दोन वर्षांपूर्वी ३ जानेवारीला माझ्या वर्गातल्या एका मुलीनं सावित्रीबाईंवर चार मिनिटांचं भाषण न अडखळता केलं, बक्षीस मिळालं, आणि नंतर वर्गात मी तिला सहज विचारलं की अगं, सावित्रीबाईंच्या अंगावर लोकांनी शेण का टाकलं असेल? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, त्या थोर होत्या म्हणून.

तिची काहीच चूक नव्हती. तिला जे दिलं होतं ते तिनं पाठ केलं होतं, आणि जे दिलं होतं त्यात मुलींनी शिकणं हाच त्या वेळी गुन्हा होता हे कुठंच नीट लिहिलेलं नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. आपण इतकी वर्षं काय शिकवतोय असं वाटलं. म्हणून मग काहीतरी वेगळं साधन शोधायला लागले आणि ही पेटी सापडली.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार इथंच आहे. कार्डाच्या मागं जे लिहिलंय ते त्या भाषणांसारखंच आहे. नाव, जन्म, मृत्यू, पदवी, आणि कार्याचे पाच मुद्दे. निम्म्याहून जास्त कार्डांवर थोर समाजसुधारक, अमूल्य योगदान, समाजप्रबोधनाचे महान कार्य हे शब्द आहेत. चौथीच्या पोराला यातून काय कळणार? समाजात काय बिघडलेलं होतं ते सांगितलंच नाही तर सुधारणा कशाची केली हे त्याला कसं कळावं. अण्णाभाऊ साठेंचं कार्ड बघा. त्यांचं वाटेगाव आमच्यापासून लांब नाही, मुलांच्या पाहुण्यांची गावं त्या बाजूला आहेत. कार्डावर लिहिलंय की ते फक्त दीड दिवस शाळेत गेले आणि तरी थोर साहित्यिक झाले. माझ्या वर्गातल्या पोरांनी यातून काय अर्थ काढला असेल? शाळेत नाही गेलं तरी चालतं. एकानं तसं बोलूनही दाखवलं. मग मला पेटी बाजूला ठेवून अर्धा तास बोलावं लागलं की ते शाळेतून का निघून आले, त्या काळात कुठल्या मुलाला वर्गात कुठं बसवायचे, पाणी कसं द्यायचे, मास्तर कसे वागायचे. वर्ग इतका शांत झाला होता की बाहेरच्या हापशाचा आवाज ऐकू येत होता. हे दोन ओळीत कार्डावर लिहिता आलं असतं. लिहिलं नाही, कारण बहुतेक असं वाटलं असेल की लहान मुलांसमोर जातीचं बोलू नये. पण मुलांना जात माहीत असते हो. घरात रोज कानावर पडत असते. ती कुणी मोडायचा प्रयत्न केला आणि कसा केला, हेच फक्त त्यांना माहीत नसतं.

याच्या उलट एक कार्ड इतकं सुंदर जमलंय की त्यासाठी मी लिहिणाऱ्याचे आभार मानेन. शाहू महाराजांचं. त्यात १९०२ चा आदेश आहे, ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या तो, १९१७ चं सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आहे, ते सगळ्या पुस्तकांत असतंच. पण खाली एका चौकटीत गंगाराम कांबळेंच्या हॉटेलची गोष्ट दिलीय, म्हणजे पाण्याला शिवला म्हणून ज्या माणसाला मारहाण झाली त्याला महाराजांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः तिथं थांबून सगळ्यांच्या देखत चहा प्यायले. माझ्या मुलांना आरक्षण हा शब्द समजावायला मला फार वेळ लागायचा, पण चहा त्यांना लगेच समजला. चहाला काय होतंय बाई, असं एकजण म्हणाला, आणि मग दुसरीच म्हणाली की अरे त्या वेळी कुणी पीत नव्हतं ना त्यांच्या हातचा, राजा प्यायला तर बाकीच्यांना पण प्यावा लागणार. मी काहीच बोलले नाही, त्यांनीच बोलून काढलं. शिवाय त्याच कार्डावर पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड होता हेही आहे, ते वाचून मुलांनी हिशोब घातला की आपल्या वर्गातल्या कुणाकुणाच्या वडलांना किती दंड बसला असता. सगळी ६४ कार्डं अशी असती तर मी १६५० काय, दुप्पट दिले असते.

चित्रांबद्दल. रंग छान आहेत, पण चित्रकारानं सगळ्यांना म्हातारं काढलंय. थोर म्हणजे वयस्कर, गंभीर, नजर कुठंतरी लांब, असं काहीतरी ठरल्यासारखं. आनंदीबाई जोशींचं चित्र चाळिशीतल्या बाईसारखं आहे. आनंदीबाई गेल्या तेव्हा २१ वर्षांच्या होत्या! १८६५ चा जन्म, १८८६ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांचा विभाग सांभाळायला यायचं ठरलं होतं, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या, एकही दिवस ते काम करायला मिळालं नाही. सावित्रीबाई १८४८ साली शाळा सुरू केली तेव्हा १७ वर्षांच्या होत्या, जोतिराव विशीतले. नंदुरबारचा शिरीषकुमार १९४२ ला हातात झेंडा घेऊन गोळीपुढं उभा राहिला तेव्हा १५ वर्षांचा होता, त्याचं एकट्याचं चित्र तेवढं मुलासारखं काढलंय, आणि सगळ्या पेटीत मुलांनी सगळ्यात जास्त हाताळलेलं कार्ड तेच आहे, कोपरे पार मऊ झालेत. यातून काय ते समजावं. दहा वर्षांच्या मुलाला पांढऱ्या मिशीचा माणूस आजोबा वाटतो. सतरा वर्षांची सावित्री त्याच्या ताईएवढी असते, बारावीला असणारी ताई, आणि तिच्यावर कुणी दगड टाकला तर त्याला राग येतो. मी आता प्रत्येक कार्डावर पेन्सिलनं कोपऱ्यात लिहून ठेवलंय की ते मोठं काम केलं तेव्हा वय काय होतं. हे कंपनीनं छापून दिलं तर फार बरं होईल.

आता जी गोष्ट मला सगळ्यात आवडली ती म्हणजे कालरेषेची पट्टी. खरं सांगते, पेटी घेताना तिच्याकडं माझं लक्षसुद्धा नव्हतं. पट्टीवर दहा-दहा वर्षांच्या खुणा आहेत आणि छोट्या पट्ट्या माणसांच्या आयुष्याएवढ्या लांबीच्या कापलेल्या येतात, त्या एकाखाली एक लावायच्या. मुलांच्या डोक्यात हे सगळे लोक एकाच वेळी होऊन गेलेले असतात, शिवाजी महाराज, फुले, आंबेडकर, सगळे जुन्या काळात, बस्स. पट्टी लावल्यावर एकदम दिसायला लागतं. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेल्या, प्लेगात, मुंढव्याचं एक आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. त्या वेळी भाऊराव पाटील नऊ वर्षांचे होते. शाहू महाराज बावीस. आणि बाबासाहेब पाच, सहावं पूर्ण व्हायला महिना राहिलेला. ह्या पट्ट्या मुलांनी स्वतः लावल्या, आणि एक मुलगी बोट ठेवून म्हणाली की म्हणजे बाई, सावित्रीबाई गेल्या तेव्हा हे आमच्याएवढे होते. मी वीस वर्षं शिकवतेय, मला स्वतःला हे कधी असं दिसलं नव्हतं.

तिथूनच मग ७ नोव्हेंबरचा विषय निघाला. बाबासाहेबांच्या कार्डावर महूचा जन्म, महाड, संविधान, सगळं व्यवस्थित आहे पण सातारा नाही. आणि आमची मुलं साताऱ्याची! ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आत्ताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, त्यांनी इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला, रजिस्टरला १९१४ नंबरसमोर भिवा रामजी आंबेडकर असं नाव आहे, आणि तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मी त्या दिवशी कार्ड दाखवलं आणि मग कपाटातून आमच्याच शाळेचं जुनं जनरल रजिस्टर काढलं. पिवळी पानं, शाईची अक्षरं. मुलांनी आपापल्या आजोबांची नावं शोधली, दोघांना पणजोबा सापडले. आणि मग एक पोरगी पान उलटून उलटून म्हणाली बाई माझी आजी का नाही यात, ती पण ह्याच गावची आहे. मी म्हणलं मोज, ह्या पानावर मुली किती आहेत. तीस नावांत दोन. पुढच्या पानावर एक. त्या दिवशी १८४८ मध्ये पुण्यात काय सुरू झालं होतं आणि आमच्या गावात ते पोचायला किती वर्षं लागली हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. घरी जाऊन तिनं आजीला विचारलं, आजी म्हणाली मला शेरडं राखायला धाडायचे. आता ती आजीला सही शिकवतेय. हे काही पेटीत नव्हतं, पण पेटीतली पट्टी नसती तर ते रजिस्टर मी काढलंच नसतं, तेवढं श्रेय देते.

नकाशाचं मात्र दुखणं आहे. प्रत्येक कार्डावरच्या माणसाच्या गावी टिकली लावायची अशी कल्पना, कल्पना उत्तम. पण टिकल्या लावून झाल्यावर पुणे, सातारा, कोल्हापूर, मुंबई इथं इतकी दाटी की एकावर एक बसतात, आणि उजवीकडं नकाशा मोकळा. विदर्भात जिजाऊंचं सिंदखेडराजा, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, पंजाबराव देशमुख, बाबा आमटे एवढे आहेत, मराठवाड्यात जवळजवळ फक्त संत, खानदेशात बहिणाबाई आणि शिरीषकुमार. आम्हाला साताऱ्यात बसून हे जाणवलं नसतं, आमच्याकडं टिकल्यांची कमी नाही. जाणवलं ते डिसेंबरात. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, कारखान्याच्या कोपीवरची, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपड्यांतली, पाच मुलं वर्गात आली, सगळी बीड जिल्ह्यातली. त्यातला एक धारूरकडचा, पाचवीतला, नकाशापुढं बराच वेळ उभा होता. मला वाटलं गाव शोधतोय. मग म्हणाला, बाई आमच्या बीडचं कुणीच नाही का?

मला त्याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं आणि आहे रे असं म्हणून विषयही बदलायचा नव्हता. रात्री बसून वाचलं, ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना फोन केला. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कार्डांतलं एक काढलं आणि त्यालाच लिहायला दिलं. आंबाजोगाईचे दासोपंत. सोळाव्या शतकातले संतकवी, त्यांनी कागदावर लिहिलं तसं कापडावरही लिहिलं, त्यांची पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे, म्हणजे अख्खं कापड अक्षरांनी भरलेलं. ४० फूट म्हणजे किती हे कळावं म्हणून आम्ही टेप घेऊन व्हरांडा मोजला, व्हरांडा पुरला नाही, मग मैदानावर फक्कीनं आखलं आणि सगळी मुलं त्या रेघेच्या आत ओळीनं उभी राहिली. तो पोरगा म्हणाला आंबाजोगाईला माझा मामा राहतो. मग जुने मराठी कवी मुकुंदराज आले, ते पण आंबाजोगाईचेच. मग अहिल्याबाई. त्यांचं कार्ड पेटीत आहे, चौंडीचं आणि महेश्वरचं लिहिलंय, पण परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यांनी केला हे त्यात नाही, आणि परळी तर त्या मुलांची रोजच्या बोलण्यातली जागा. त्याच्यानंतर ती पाच मुलं नकाशाच्या बाजूलाच बसायला लागली. मार्चअखेर टोळी परत गेली तेव्हा त्यानं दासोपंतांचं कार्ड मागितलं. मी दिलं. हरवलेल्या दोन कार्डांत ते धरलेलं नाही.

आता चुका. एक चूक तर मला अजिबात सहन झाली नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कार्डावर रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये साताऱ्यात स्थापन झाली असं छापलंय. १९१९ ला संस्था सुरू झाली काले गावात, काले आमच्या कराड तालुक्यात आहे, माझ्या वर्गातल्या दोन मुलांचं ते आजोळ आहे! साताऱ्याला काम हललं ते १९२४ मध्ये, तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची असं वसतिगृह काढलं. वसतिगृह चालवायला भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, आणि त्यांचं नाव कार्डावर नाहीच. पेटी करणाऱ्यांना मी मेल केला, फोटो काढून पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की पुढच्या छपाईत दुरुस्ती करू. कालेचं कबूल केलं, लक्ष्मीबाईंबद्दल जागा नाही म्हणाले. जागा नाही हे मला पटत नाही, त्याच कार्डावर मिळालेल्या पदव्यांना चार ओळी दिल्यात. सध्या पांढरा स्टिकर लावून मी हातानं लिहिलंय.

पैलवान खाशाबा जाधवांचं कार्ड चुकीचं नाही पण कोरडं आहे, १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक, संपलं. त्यांचं गाव गोळेश्वर कराडला लागून आहे, आमच्या मुलांना तिथल्या यात्रा माहीत, आणि इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतं की परत आल्यावर शेदीडशे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. १९४८ ला लंडनला सहावे आले, पुन्हा चार वर्षं तयारी केली, जायला पैसे नव्हते तेव्हा लोकांकडून गोळा केले, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवलं. देशाला त्याच्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, ४४ वर्षं. हे सांगितल्यावर पोरं म्हणाली की बाई सरांनी घर गहाण ठेवलं? शिक्षकानं? त्यांना पदकापेक्षा त्याचंच जास्त वाटलं. आता १५ जानेवारी राज्याचा क्रीडा दिन असतो, त्या दिवशी परिपाठाला आम्ही हीच गोष्ट घेतली.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कार्डाच्या शेवटी एक छोटा प्रश्न दिलाय, तुमच्या घरात कुणाचं गांधी-विवाह पद्धतीनं लग्न झालं होतं का विचारा. असे प्रश्न फक्त पाच-सहा कार्डांवर आहेत आणि तेवढीच कार्डं घरापर्यंत पोचतात. नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारच्या काळात, १९४३ ते ४६, आमच्या भागात अशी साधी लग्नं लावायचे, हार घालायचे, हुंडा नाही, मानपान नाही. एका मुलाच्या पणजीचं तसं झालेलं निघालं. ती माउली काठी टेकत शाळेत आली आणि अर्धा तास बोलली. पेटीची किंमत मला त्या दिवशी वसूल झाली.

प्रश्नमंजुषेची कार्डं घेऊ नका म्हणता येत नाही कारण ती पेटीतच येतात, पण वापरू नका. लोकमान्य कोण, महर्षी कोण, क्रांतिसिंह कोण, जन्मगाव सांगा, साल सांगा. मुलं आठवड्यात पटापट उत्तरं द्यायला लागतात, बघणाऱ्याला फार बरं वाटतं, केंद्रप्रमुख साहेब पण खूश झाले होते. मग मी एकाला विचारलं महर्षी कर्व्यांनी केलं काय, तर म्हणाला त्यांना भारतरत्न मिळालं. म्हणजे आम्ही फिरून तिथंच आलो, त्या थोर होत्या म्हणून. ती कार्डं मी आता कपाटात ठेवलीत. ऑडिओसाठी कार्डावर कोड दिलेत, आमच्याकडं रेंज येते-जाते, जेव्हा लागलं तेव्हा मागं संगीत इतकं मोठं की शब्द कळत नाहीत. शिक्षक पुस्तिका बारा पानांची, त्यात विशेष काही नाही.

काही नावं नाहीत त्याचं वाईट वाटतं. मुक्ता साळवे नाही. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, १८५५ मध्ये तिचा निबंध ज्ञानोदय नियतकालिकात छापून आला, आपल्या लोकांच्या दुःखाबद्दल शाळकरी मुलीनं लिहिलेला निबंध! शाळेतल्या मुलांना शिकवायला याहून जवळचं कोण असणार. 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ नाहीत, ज्यांच्या कामामुळं अंगणवाडी हा शब्द आज प्रत्येक वाडीत आहे आणि माझ्या वर्गातलं प्रत्येक पोर अंगणवाडीतूनच आलंय. मुक्ताचं कार्ड पोरींनी केलं, कोऱ्या कार्डांवर, चित्रात तिला स्वतःसारख्या दोन वेण्या घातल्यात.

घ्यायची का? चौथी ते सातवीला शिकवत असाल, रोज दहा-पंधरा मिनिटं स्वतः वाचायची तयारी असेल, तर घ्या, कालरेषा आणि नकाशासाठी घ्या, कार्डांच्या मागचा मजकूर आधी स्वतः तपासा आणि आपल्या तालुक्याचं काय छापलंय ते सगळ्यात आधी बघा. नुसती भिंत सजवायला किंवा जयंतीच्या भाषणांसाठी घेणार असाल तर पैसे घालवू नका, तेवढं वर्गातल्या पुस्तकातून होतं. घरच्या एकट्या मुलासाठी घेणाऱ्या पालकांना पण मी थांबा म्हणेन, ही पेटी चार-पाच मुलं एकत्र बसली की चालते. पाचपैकी साडेतीन देते, त्यातला एक पूर्ण त्या पट्टीचा.

आठ कोऱ्या कार्डांतली सात संपली. एक राहिलंय, ते नोव्हेंबरात टोळ्या येतील तेव्हासाठी ठेवलंय. नुसती कोरी कार्डं वेगळी विकत मिळतील का असं विचारलंय त्यांना, किमान पन्नास तरी लागतील, अजून उत्तर आलेलं नाही.